नीराकाठचे परीट अथवा पाखरांची जात

पौषातील सकाळी भोरला नीरेच्या काठी जाऊन बसणाऱ्यास एक पाहुणा हमखास भेटतो. चिमणीहून लांबट बांधा, अंगावर राखी, काळा व पांढरा असे तीनच रंग, आणि क्षणभरही स्वस्थ न बसणारी लांब शेपटी. ओल्या खडकावर तो तुरुतुरु धावतो, थबकतो, एखादा किडा टिपतो आणि शेपटी खालीवर आपटू लागतो. जणू गावाचे धुणे आपटण्याचे काम त्याच्याकडेच आहे. म्हणूनच आपल्याकडे ह्या पाखरास धोबी किंवा परीट म्हणतात. भोर व वेल्हे ह्या दोन तालुक्यांत नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी अशा नद्या आणि भाटघरासारखा विस्तीर्ण जलाशय असल्यामुळे हिवाळ्यात ह्या पाहुण्यांस कशाचीच ददात पडत नाही.

गेल्या संक्रांतीस आम्ही भोरला आमच्या आप्तांकडे चार दिवस राहिलो होतो. घर जुन्या वळणाचे, तीन पिढ्या एका छपराखाली नांदणाऱ्या. त्या दिवसांत त्या घरात एक प्रश्न कोणी उघड न बोलता सर्वांच्या मनात घोळत होता. घरातील एका सुशिक्षित मुलीने दुसऱ्या जातीतील मुलगा स्वतः पसंत केला होता. घरच्या इतर मंडळींनी कुरकुरत का होईना मान डोलावली होती, आणि थोरल्या काकांचा होकार तेवढा राहिला होता. ह्या घरगुती गोष्टीचा परटांशी संबंध काय, असे वाचक विचारतील. तो संबंध काकांनीच जोडला.

एके दिवशी काका, त्यांची नऊ वर्षांची नात आणि आम्ही असे नदीच्या पायऱ्यांवर उन्हाला बसलो होतो. समोरच्या खडकावर तीन परीट होते. एकाचे गाल पांढरेशुभ्र. दुसऱ्याचे गाल व मानेच्या बाजू काळ्या आणि डोळ्यांभोवती पांढरे, त्यामुळे त्याने मुखवटा चढविल्यासारखे दिसत होते. तिसऱ्याचे गाल धड पांढरे नव्हते, धड काळेही नव्हते. मुलीची नजर तीक्ष्ण. ती म्हणाली, "आजोबा, ह्या तिघांची तोंडे वेगवेगळी का हो?"

काकांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "तो तिसरा संकर गं बाई. दोन जाती एकत्र आल्या की असेच व्हायचे. ना इकडचा, ना तिकडचा."

उत्तर नातीस दिलेले असले तरी ते कोणास उद्देशून होते हे आम्हांस कळले. त्या वेळी आम्ही गप्प राहिलो. घरी परतल्यावर ह्या विषयावरील जे वाचावयास मिळाले ते वाचले, आणि जे सांगावयाचे राहून गेले ते आता लिहीत आहोत.

दख्खनचे नाव, सायबेरियाचे माहेर

पांढऱ्या परटाचा आपल्या मुलखाशी कागदोपत्रीही जुना संबंध आहे. विल्यम हेन्री साइक्स नावाचे मुंबई सैन्यातील एक अधिकारी १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची पाहणी करीत होते. लोकांची व शेतीची माहिती गोळा करता करता त्यांनी येथील पाखरांचीही नोंद केली, आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केली. त्या यादीत एका परटास त्यांनी 'मोटॅसिला डुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा परीट, असे नाव देऊन त्याची स्वतंत्र जात मांडली.

साइक्ससाहेबांस ते पाखरू येथे सापडले म्हणून त्यांनी त्यास येथले नाव दिले. वस्तुतः हा परीट दख्खनमध्ये कधीच घरटे करीत नाही. आश्विन-कार्तिकात तो येतो आणि फाल्गुन-चैत्राच्या सुमारास निघून जातो. त्याचे माहेर दूर उत्तरेस, पश्चिम सायबेरियाच्या बाजूस. दख्खन हे फार तर त्याचे थंडीतले आजोळ म्हणावे.

पुढे अभ्यास वाढला तेव्हा तज्ज्ञांनी ठरविले की ही निराळी जात नव्हे. युरोपपासून पूर्व आशियापर्यंत पसरलेल्या पांढऱ्या परटाच्या एकाच मोठ्या जातीची ती एक पोटजात होय. हल्ली तर पुष्कळ तज्ज्ञ तिला वेगळी पोटजातही मानीत नाहीत. दोनशे वर्षांच्या आत ह्या पाखराची जात गेली आणि पोटजातही जाण्याच्या बेतात आहे. एवढ्या अवधीत पाखराने मात्र आपले एक पीसही बदललेले नाही. बदलल्या त्या आपल्या वह्या.

मुखवटेवाला परीट हाही त्याच मोठ्या जातीतला. त्याचे माहेर मध्य आशियातील तिएनशान व त्याच्या आसपासचा डोंगराळ मुलूख. म्हणजे भोरच्या खडकावर पौषात शेजारी शेजारी धावणारे हे दोन पाहुणे उन्हाळ्यात शेकडो कोसांनी दुरावतात. येथे त्यांचे एकत्र राहणे धर्मशाळेतल्या उतारूंसारखे: एका चुलीवर स्वयंपाक झाला तरी सोयरीक होत नाही, कारण घरटी बांधण्याचा हा हंगामच नव्हे.

त्याच नदीवर आणखी एक परीट असतो. तो आकाराने थोरला, पाठीने काळा आणि पांढऱ्या भुवईचा. हा बारमाही येथला रहिवासी असून पुलाच्या कपारींत व काठावरील बिळांत घरटे करतो. त्याच्या विणीचा हंगाम सुरू होतो तेव्हा उत्तरेकडील पाहुणे निघण्याच्या घाईत असतात. दोन पाखरे एका दगडावर बसली म्हणजे त्यांचा संकर होतोच असे नाही. काळ जुळला पाहिजे, स्थळ जुळले पाहिजे, आणि मनही जुळले पाहिजे.

चेहरा एकाचा, रक्त दुसऱ्याचे

परंतु उत्तरेकडे असा एक पट्टा आहे की जेथे हे तिन्ही जुळते. दक्षिण सायबेरियाच्या बाजूस पांढऱ्या गालांच्या परटांचा मुलूख संपतो आणि मुखवटेवाल्यांचा सुरू होतो. तेथे दोघांची घरटी एकाच भागात पडतात, जोड्या जमतात व मिश्र चेहऱ्यांची पिले होतात.

गेओर्गी सेमेनोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या सरहद्दीची पाहणी करून २०१७ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सुमारे ३००० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यातील परटांची त्यांनी शरीराची मापे घेतली, पिसाऱ्यांची नोंद केली, आणि रक्तातील आनुवंशिक द्रव्याच्या १९,४३७ जागा तपासून पाहिल्या. त्यातून दोन गोष्टी निघाल्या, आणि त्या दोन्ही मोठ्या मनोरंजक आहेत.

पहिली गोष्ट अशी की ह्या परटांत जोडीदार निवडताना डोक्याचा रंग पाहिला जातो. पांढऱ्या गालाचे पाखरू बहुधा पांढऱ्या गालाचा जोडीदार पसंत करते, मुखवटेवाले मुखवटेवाल्याचा. दोघांच्या मधली भिंत ती हीच. अन्य कोणत्याही गुणाने त्यांस वेगळे राखलेले दिसले नाही. त्यामुळे सरहद्दीवर चेहरे फार थोड्या अंतरात बदलतात.

दुसरी गोष्ट पहिलीहूनही नवलाची. चेहरा जेथे बदलतो तेथे रक्त बदलत नाही. आनुवंशिक द्रव्य पालटण्याची रेषा चेहऱ्याच्या रेषेपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आढळली. ह्याचा अर्थ असा की मधल्या टापूत अशी पाखरे राहतात की ज्यांचा चेहरा एका घराण्याचा, पण उरलेला पिंड बव्हंशी दुसऱ्या घराण्याचा. पिढ्यान् पिढ्या दोन्ही बाजूंचे रक्त मिसळत गेले, आणि त्या मिश्रणावर चेहरा तेवढा जुन्या ओळखीचा शाबूत राहिला. पुढे २०२१ साली त्याच मंडळींनी दाखविले की डोक्याच्या रंगाचा हा सारा फरक जनुकांच्या मोजक्याच भागांवर अवलंबून असतो. चेहऱ्यावरून कूळ ओळखण्याची ज्यांस हौस आहे त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता आमच्या तिसऱ्या परटाविषयी. काकांचे निदान खरे असू शकेल; सायबेरियाच्या सरहद्दीवरचे एखादे मिश्र पाखरू नीरेवर येऊन उतरणे अशक्य नाही. परंतु पौषातल्या परटाच्या तोंडावरून तसा निकाल देणे घाईचे होय. हिवाळ्यात पांढऱ्या व मुखवटेवाल्या दोन्ही परटांचा वीणकाळचा ठसठशीत पेहराव उतरलेला असतो, गळ्याचा काळा रंग बराचसा ओसरतो, आणि पहिल्या वर्षाच्या पिलांच्या गालांवर मळकट पिवळसर झाक असते. जो 'ना इकडचा, ना तिकडचा' दिसला, तो कदाचित गेल्या ज्येष्ठात घरट्यातून बाहेर पडलेले एखाद्या सरळ घराण्याचे पोरही असेल. संकराचा शिक्का इतक्या झटपट मारावयाचा नसतो, पाखरावरसुद्धा नाही.

वेल्ह्याच्या कुंपणावरचे दोन शेजारी

दुसऱ्या दिवशी आम्ही वेल्ह्यास गेलो. ह्या तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. तथापि तोरण्याच्या पायथ्याचे गाव लोकांच्या तोंडी अद्याप वेल्हेच आहे. तेथे एका कुंपणावरील घाणेरीवर दोन प्रकारचे बुलबुल एकाच वेळी फळे खात होते. एक लालबुड्या, काळसर डोक्याचा. दुसरा शिपाई बुलबुल: डोक्यावर टोकदार तुरा, गालावर तांबडा ठिपका, चालण्यात शिपायाची ऐट. दोघेही बुलबुलांच्या एकाच कुळीतले, दोघेही येथले कायमचे रहिवासी. खाणे बहुतेक सारखे, घरटी बांधण्याचा काळ बराचसा सारखा, घरट्याची वाटीही जवळ जवळ सारखीच.

परटांच्या बाबतीत काळ व स्थळ आड येत होते. येथे तीही अडचण नाही. पिंजऱ्यात एकत्र ठेवले असता ह्या दोघांची संतती झाल्याचे पक्षी पाळणाऱ्यांनी नोंदविले आहे. म्हणजे शरीरधर्माचीही पुरती आडकाठी नाही. असे असून वेल्ह्याच्या रानात शंभर बुलबुल पाहा, शंभरही एकतर लालबुडे नाहीतर शिपाई असावयाचे. त्यांस वेगळे ठेवते ती साद व तुऱ्याची, गालाची खूण. आपल्या साथीदाराची शीळ कोणती हे पाखरू ओळखते आणि शेजाऱ्याची शीळ रोज ऐकूनही तिच्यामागे जात नाही. पिंजऱ्यात निवडीला वाव नसतो म्हणून तो नियम तेथे ढिला पडतो.

रानातही तो कधी कधी ढिला पडतो. आपल्या लालबुड्याचा मुलूख वायव्येकडे पांढऱ्या गालांच्या बुलबुलाच्या मुलखास भिडतो. चार्ल्स सिब्ली व लेस्टर शॉर्ट ह्या दोन अमेरिकन पक्षितज्ज्ञांनी ह्या दोन जातींच्या संकराचा अभ्यास करून १९५९ साली त्यावर निबंध लिहिला. त्याच बाजूच्या बुलबुलांत पूर्वी नवीन जाती म्हणून थाटाने नोंदविलेली काही पाखरे पुढे संकरित ठरली.

पीटर व रोझमेरी ग्रँट ह्या पक्षितज्ज्ञ दांपत्याने १९९२ साली जगभरच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा दर दहा पक्षिजातींपैकी सुमारे एक जात रानात केव्हा ना केव्हा दुसरीशी मिसळल्याचे दिसून आले. मिसळणाऱ्या जाती इतक्या, परंतु मिसळणारी पाखरे मात्र फारच थोडी. कुंपण आहे, भक्कमही आहे, पण त्यास फटी आहेत.

संकराचे बरे व वाईट

काकांच्या बाजूनेही बोलावयास हवे. संकर नेहमीच सुखाचा होतो असे नाही. दोन जाती फार दुरावलेल्या असल्या तर पिले निपजतच नाहीत, किंवा निपजली तरी दुबळी व वांझ होतात. जे. बी. एस. हाल्डेन ह्यांनी १९२२ साली ह्याविषयी एक नियम सांगितला. तेच पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले, येथले नागरिक झाले व १९६४ साली भुवनेश्वरास वारले. त्यांचा नियम असा की संकरित संततीत नर-मादींपैकी एकच लिंग वांझ अथवा दुर्मिळ असेल तर ते ज्याची लिंगगुणसूत्रे विजोड असतात तेच असावयाचे. मनुष्यात ती विजोड जोडी पुरुषाकडे असते, पाखरांत मादीकडे. म्हणून संकरित पाखरांत पहिला फटका बहुधा माद्यांस बसतो.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्या अंगणातील चिमणीनेच घालून दिले आहे. शेती पसरत गेली तशी धान्याच्या मागोमाग ही चिमणी भूमध्यसमुद्राच्या काठी पोचली. तेथे तिची गाठ स्पेनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या चिमणीशी पडली, आणि दोघींच्या मिश्रणातून इटलीत एक तिसरीच चिमणी स्थिरावली. तिच्या नराचे डोके तांबूस व गाल पांढरे असतात. ती संकरातून झाली ही गोष्ट आनुवंशिक तपासणीने २०११ साली सिद्ध झाली. आज ती सबंध इटलीभर घराघरांच्या वळचणीला नांदते, पिले वाढविते, आणि पुष्कळ तज्ज्ञ तिला स्वतंत्र जात मानतात. 'ना इकडची, ना तिकडची' म्हणून जिची सुरुवात झाली, ती आता तिच्याच गावची झाली.

दोष शब्दाचा

येथवर आम्ही 'जात' हा शब्द अनेकदा वापरला, आणि सगळ्या घोटाळ्याचे मूळ त्या शब्दातच आहे असे आम्हांस वाटते. एर्न्स्ट मायर ह्या शास्त्रज्ञांनी १९४२ साली प्राण्यांच्या जातीची जी व्याख्या रूढ केली तिचे तात्पर्य असे की जे प्राणी निसर्गात आपापसांत संतती निर्माण करतात व इतरांपासून त्या बाबतीत वेगळे राहतात, त्यांचा समूह म्हणजे जात. मराठीत ह्या अर्थासही जात, आणि लग्नपत्रिका जुळविताना विचारतात तीही जातच. पोटजातीचे तसेच. दोन निरनिराळ्या वस्तूंस एकच नाव पडले, आणि नाव एक म्हणून वस्तूही एकच असे आपण धरून चाललो.

'संकर' ह्या शब्दाचे ओझे तर ह्याहून जुने. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाच्या तोंडी 'वर्णसंकर' हा शब्द येतो, आणि सुशिक्षित घरांत तो लहानपणापासून कानांवर पडलेला असतो. त्यामुळे पाखराचा संकर म्हटले तरी आपल्या कपाळास आठी पडते. तीच आठी दुपारी पानावर बसताना पडत नाही. आपण ज्या गव्हाची पोळी खातो तो गहू काही हजार वर्षांपूर्वी खपली गव्हाच्या घराण्याचा एका रानगवताशी आपोआप संकर होऊन निपजला. तो संकर दोन वेगळ्या जातींतला, अगदी शास्त्रोक्त अर्थाने खरा संकर. देवाला नैवेद्य दाखविताना त्या पोळीचे कूळ कोणी विचारीत नाही.

मनुष्यांच्या बाबतीत शास्त्राचे म्हणणे स्वच्छ आहे. भोरचा असो, वेल्ह्याचा असो, की सायबेरियाचा असो, पृथ्वीवरील सारी माणसे प्राणिशास्त्राच्या हिशेबी एकाच जातीची आहेत. एकाच जातीच्या दोघांनी लग्न केले तर त्यास पाखरांच्या अर्थाने संकर म्हणताच येत नाही. तेथे तो शब्द लागूच पडत नाही. आणि मनुष्याचा खराखुरा संकर पाहावयाची इच्छाच असेल तर आरशात पाहावे. स्वान्ते पेबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले की आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या आनुवंशिक द्रव्याचा सुमारे दोन टक्के भाग निअँडरथल ह्या लुप्त मानवांकडून आलेला आहे. पेबो ह्यांस २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो वाटा घाटावर बसलेल्या काकांतही आहे, त्यांच्या नातीतही आहे, आणि आमच्यातही आहे.

तथापि ह्यावरून कोणी असे म्हणू नये की पाखरे मिसळतात म्हणून माणसांनी मिसळावे. तसे म्हणणे काकांच्याच चुकीची दुसरी बाजू होईल. परटाने परटाचे गाल पाहून जोडी जमविली, म्हणून आपणही चेहरा पाहून माणसे पारखावीत काय? मुलीचे लग्न करताना मुलाचे शील पाहावे, शिक्षण पाहावे, दोघांचे मन पाहावे. ज्याच्या त्याच्या घराने आपल्या विवेकाने ते ठरवावे. पाखरांस त्यात साक्षीला बोलावू नये, एवढेच आमचे म्हणणे.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी आम्ही भोरला जाऊन तो काकांस वाचून दाखविला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. खपली गव्हाच्या ठिकाणी तेवढे हसले. मग म्हणाले, "परटांचे पटले. पोरीचे लग्न पाखरांना विचारून ठरवायचे नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. तेव्हा आता तिलाच बोलावतो आणि विचारतो."

त्यांनी तिला हाक मारली. आम्ही उठून बाहेर आलो. फाल्गुन लागला होता. नदीवर पांढरे परीट थोडेच उरले होते, आणि पुलाखालच्या कपारीशी तो थोरला, पांढऱ्या भुवईचा परीट चोचीत काडी धरून येरझारा घालीत होता.